दोरू खोऱ्यात सायकल : आधी दात कमी करा, मग किलोमीटर

पत्र : मी साखळीला राहतो. वय ४६, वजन ७८ किलो. गेल्या दिवाळीत ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची) घेतली. पुढे ४० दातांची एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे ११–४२ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते ४२ दातांच्या चकत्यांचा संच), ३८ मिमीचे ट्यूबवाले टायर, वायरने ओढले जाणारे डिस्क ब्रेक. दर रविवारी साखळी–पणजी–फोंडा असा ८० किमीचा फेरा आरामात होतो. येत्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, एक मित्र आणि माझा भाचा पोर्तुगालला जाऊन दोरू नदीच्या काठाकाठाने, द्राक्षमळ्यांतून सहा दिवस सायकल चालवायचं म्हणतो. पोर्तोहून निघून पोसिन्यूपर्यंत आणि परत, रोज ८०–९० किमी. सायकलीत काय बदल करावे? पावसाळा मध्ये येतो, तर सराव कसा करावा? उतारावर माझे ब्रेक किंचाळतात, त्याचं काय? भाच्याकडे साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, ती चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सगळ्यात धोक्याचे शब्द आहेत ‘नदीच्या काठाकाठाने’. दोरूचा काठ सायकलवाल्यांसाठी नाही, तो रेल्वेसाठी आहे. रेग्वा ते पिन्यांव एवढ्या टप्प्यात दक्षिण काठावरून एन-२२२ हा रस्ता पाण्याला लागून सपाट जातो. पण तो डांबरी आहे आणि त्यावर गाड्या सुसाट असतात. पिन्यांवच्या पुढे तोच रस्ता नदी सोडून डोंगर चढतो. तिथून पूर्वेला काठाने सलग वाट अशी नाहीच. नदी शंभर मीटरांच्या आसपास वाहते आणि गावं वर पाचशे-सहाशे मीटरांवर, पठाराच्या कडेला बसलेली. म्हणजे दिवस सुरू झाला की चढ, जेवणानंतर उतार, मुक्कामाला पुन्हा चढ.

खोऱ्याचा स्वभावही जाणून घ्या. १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबालने या वाइनच्या प्रदेशाच्या हद्दी आखून दिल्या, त्या हद्दींचे ग्रॅनाइटचे दगड आजही मळ्यांत उभे दिसतात. २००१ पासून वरचं खोरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र तिथला खडक. तो शिस्ट आहे. आपला जांभा झिजून गोल खडे होतात आणि चाकाखाली छऱ्यांसारखे सरकतात. शिस्ट पापुद्र्यांनी फुटतो, त्याच्या चपट्या, धारदार कपच्या होतात. टायरचा तळ त्यापुढे टिकतो, कापली जाते ती बाजूची भिंत.

आता दात. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा. तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ४०, मागे ४२. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग सुमारे साडेसात किमी. पंधरा टक्क्यांच्या कच्च्या चढावर हा वेग टिकवायला जवळपास ३२० वॅट लागतात. रविवारचा ऐंशी किमीचा फेरा मारणारा माणूस एवढी ताकद दोन-चार मिनिटं काढील, वीस मिनिटं नाही. मग फेऱ्या ४०–४५ वर येतात, गुडघा दुखतो, मागचं चाक घसरतं आणि माणूस उतरून ढकलू लागतो. तेच पुढे ३४ आणि मागे ४६ असेल तर मिनिटाला ५० फेऱ्यांवर साधारण पाच किमीचा वेग मिळतो आणि २०५ वॅटमध्ये भागतं. चालण्याच्या वेगाने का होईना, बसून चढता येतं.

बदलाचा क्रम असा ठेवा. आधी क्रँकवरच्या (पेडलच्या दांड्यावरच्या), चेनरिंग धरणाऱ्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास बघा. तो ११० मिमी असेल तर ३४ दातांच्या खाली जाण्याचा नाद सोडा. नुसती ३४ ची चेनरिंग बसवली तर चेन दीड इंच जास्त होते, म्हणून लिंकची एक जोडी, म्हणजे एक इंच, काढायची. सोबत मागे ११–४६ घातलीत तर हिशेब जवळजवळ जुळतो आणि चेन आहे तशी चालते. पण तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ४६ दात झेपणारा आहे का, ते त्याच्या मॉडेलवरून आधी पक्कं करा. ४२ पर्यंतच्या डिरेलरवर ४६ घातली की वरची पुली कॅसेटला घासते. पुली कॅसेटपासून लांब ठेवणारा बी-स्क्रू पूर्ण आवळून कधी जमतं, कधी नाही. जमत नसेल तर ३४ आणि ४२ वर थांबा. तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. सपाटीवर वेग जाईल ही भीती सोडा. ३४ आणि ११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांनी ३६ किमीचा वेग मिळतो आणि दोरूच्या उतारावर त्याहून जास्त वेगाने जायचं कारण नाही.

टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करा आणि फ्रेममध्ये मावत असेल तर ४५ मिमीचे घाला. दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. भिंतीला जाळीचं संरक्षण असलेलाच टायर घ्या, शंभर ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल. सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) प्रत्येकी ८० मिली. आपल्याकडच्या उकाड्यात ते दोन महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात नवीन भरा. तुमच्या वजनाला हवा पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआयपासून सुरू करा. रिम दगडावर आपटू लागली तर दोन-दोनने वाढवा. सोबत प्लगचा (भोकात कोंबायच्या पट्ट्यांचा) संच, एक ट्यूब आणि जुन्या टायरचा ५ बाय ८ सेंमीचा कापलेला तुकडा ठेवा. भिंत फाटली की सीलंट आणि प्लग दोन्ही हात वर करतात. तेव्हा आतून हा तुकडा लावून ट्यूब घातली की गाव गाठता येतं.

ब्रेक का किंचाळतात? बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. चेनला तेल मारताना फवारा रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) गेलेला असतो, किंवा लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्याने पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅड काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, पृष्ठभाग मंद दिसेपर्यंत. मग सपाट रस्त्यावर ताशी २०–२५ किमीच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा ब्रेक मारा. पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो आणि आवाज जातो. नवीन पॅड घातले की हे दरवेळी करायचं. पॅड तेलाने भिजलेले असतील तर घासत बसू नका, फेकून द्या.

वायरच्या डिस्क ब्रेकची खरी कमजोरी मात्र वायरीच्या बाहेरच्या नळीत असते. साधी नळी दाबली की आखडते आणि तुमच्या बोटांचा जोर तिथेच जिरतो. ‘कॉम्प्रेशनलेस’, म्हणजे दाबाने न आखडणाऱ्या प्रकारची ब्रेकची नळी घाला, लिव्हर लगेच घट्ट लागेल. आतली वायरही बदला. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ती आतून गंजते आणि वरून दिसत नाही. बरेच वायर-ब्रेक एकाच बाजूच्या पॅडने ढकलतात. पॅड झिजले की आतल्या पॅडचं जुळवणीचं चाक फिरवून ते रोटरजवळ आणावं लागतं. नुसती वायर ताणत राहिलात तर रोटर वाकून घासतो.

उतरण्याची पद्धतही बदला. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिच्यात जवळपास दीड लिटर साधं पाणी उकळीला येऊ शकतं. हवेचा रोध थोडा वाटा उचलतो, उरलेलं सगळं त्या दोन पातळ चकत्यांत जातं. म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, वळणात मोकळे, पुढच्या वळणापर्यंत रोटरला वारा लागू द्या. सतत हलका ब्रेक धरून येणाऱ्याचे पॅड पहिले जळतात. धातूमिश्रित पॅड घ्या आणि पुढच्या-मागच्या ब्रेकला एकेक जोडी जास्तीची ठेवा.

सरावाला दोरूसारखा मुलूख तुमच्या दाराशी आहे आणि तुम्ही मात्र पणजी-फोंड्याच्या डांबरावर फिरताय! सत्तरीतल्या काजूच्या बागायतींच्या वाटा दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या पण छातीवर येणाऱ्या चढांच्या असतात, नेमक्या हव्या तशा. आत्तापासून मेपर्यंत आठवड्यातून दोनदा, पहाटे निघून साडेनऊच्या आत घरी. अशा चढावर उभं राहिलात तर मागचं चाक मोकळं फिरतं, मागे रेललात तर पुढचं उचलतं. सीटच्या टोकावर सरका, कोपरं खाली करा, छाती हँडलकडे न्या आणि फेऱ्या ५०–६० च्या दरम्यान ठेवा. खडे मधोमध साचतात, म्हणून वाटेच्या कडेचा घट्ट पट्टा पकडा. हा बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, हंगाम आहे. वाटेवर पडून चिरडलेले बोंडू केळ्याच्या सालीसारखे घसरवतात, त्यांच्यावर ब्रेक मारू नका. बागायत कोणाची तरी असते आणि या दिवसांत तिथे माणसं बोंडू वेचत असतात. विचारून जा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. २०२३ च्या मार्चमध्ये तिथे लागलेल्या वणव्यांनंतर तर हे सांगायची गरज पडू नये. खाणींच्या रस्त्यांनाही लांबूनच नमस्कार.

जून ते सप्टेंबर जांभ्यावर सायकल घालू नका. ओल्या तांबड्या मातीचा साबण होतो, मोऱ्यांवर शेवाळ चढतं आणि त्या चिखलातली वाळू एका फेरीत पॅड खाऊन टाकू शकते. त्या महिन्यांत केरीहून चोर्ल्याचा घाट धरा. चोर्ला साधारण ८०० मीटरांवर आहे, केरीपासून सातशेच्या आसपास चढ मिळतो. ट्रक पुष्कळ आणि वर धुकं, म्हणून रविवारी पहाटे, पुढेमागे दिवे लावून, पावसाच्या उघडिपीत. ते जमणार नाही त्या आठवड्यात घरी ट्रेनरवर जड गिअरमध्ये ५५ फेऱ्यांनी वीस-वीस मिनिटांचे दोन हप्ते. जुलैपासून सहा किलोचं सामान लादूनच चालवा, कारण रिकामी सायकल आणि लादलेली सायकल वळणात वेगळ्या वागतात. ऑगस्टअखेरीस परीक्षा घ्या : एका दिवशी केरी–चोर्ला दोनदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तिसऱ्या चढाला पाय शिल्लक असतील तर तुम्ही तयार आहात.

आता आखणी. अंदाजाचा साधा हिशेब असा : कच्च्या वाटेवर १५ किमीला एक तास, शिवाय दर ५०० मीटर चढाला एक तास. तुमचे ८५ किमी आणि दोन हजार मीटर चढ म्हणजे निव्वळ सायकलीवर साडेनऊ-दहा तास. ४५ किमी आणि १२०० मीटर म्हणजे साडेपाच. दुसरा आकडा घ्या.

पोर्तोहून सायकल चालवत निघूच नका. दोरू लाइनची गाडी थेट पिन्यांवला नेते. प्रादेशिक गाड्यांत सायकल चालते, पण जागा मोजकी असते, म्हणून तिघांनी सकाळची गाडी धरा. पिन्यांवला स्टेशनच्या भिंतींवर द्राक्षकापणीची निळी-पांढरी आझुलेजु, म्हणजे रंगवलेल्या फरशांची, चित्रं आहेत, ती बघत सायकली जोडा. संध्याकाळी कझाल द लोयवुशच्या टेकडीवर चढून या, अंतर थोडं पण गिअरची परीक्षा होते. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे प्रुवझेंदवरून फावायुशच्या पठारावर. हे गाव मोश्कातेल वाइन आणि चार कोपऱ्यांच्या पावासाठी ओळखलं जातं. आपला पोदेर (पाववाला) ज्या शब्दावरून आला तो ‘पादेरु’ तिथे अजून भट्टीशी आहे. पाव सकाळीच संपतो, तेव्हा चढ लवकर उरका. तिसरा दिवस दक्षिणेला सांव जुआंव द पेश्केरा. चौथा दिवस अर्धाच ठेवा, गुडघे आणि पॅड तपासायला. पाचव्या दिवशी गाडीने पोसिन्यू गाठा. तिथून तोर द मोंकोर्वुपर्यंत एक चढ मारला की बंद पडलेल्या साबोर रेल्वेच्या जागी केलेली सायकलवाट मिळते. चढ रेल्वेचाच, म्हणून सौम्य, आणि पाचव्या दिवसाच्या पायांना तेवढाच झेपतो. सहावा दिवस परतीचा.

नकाशावर एक फसवणूक हमखास होते. उपग्रहाच्या चित्रात डोंगरभर सुंदर कच्च्या वाटा दिसतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरसाठी कापलेल्या पायऱ्या असतात, डोंगराला आडव्या. त्या ओळीच्या शेवटी ओहोळाशी येऊन संपतात आणि पुढची पायरी तीन मीटर खाली असते. लादलेली सायकल तिथून उतरवता येत नाही, परत मागे चढावं लागतं. म्हणून दोन गावांना जोडणारी वाटच निवडा, आणि ती कोणीतरी अलीकडे चालवल्याचा जीपीएस माग असेल तर उत्तम. मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. मळ्याचं फाटक बंद असेल तर ती खाजगी जागा. उघडं असेल तर विचारून जा आणि जसं होतं तसं ठेवा. तुम्ही जाता ते दिवस कापणीचे. अरुंद रस्त्यांवर द्राक्षांच्या पेट्या लादलेले ट्रॅक्टर समोरून येतात, आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडू नका. द्राक्ष तोडून तोंडात टाकण्याचा मोह आवरा. तोडणाऱ्यांच्या देखत तर नाहीच.

पाणी प्रत्येकी तीन लिटर नेता येईल अशी सोय करा. सप्टेंबरअखेरीलाही दुपारी पारा तिशी ओलांडू शकतो आणि शिस्टचे उतार तापलेल्या तव्यासारखे उष्णता परत फेकतात. गोव्यात घाम अंगावर दिसतो म्हणून आपण पाणी पितो. तिथल्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो, माणसाला वाटतं आपण घामेजलोच नाही, आणि दोन तासांनी डोकं दुखायला लागतं. तहान न बघता तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या, एका बाटलीत ओआरएस. गावोगावी ‘फोंत’ असतात. पणजीच्या फोंतेन्हासमधला तोच शब्द, म्हणजे झरा. पाटीवर ‘नाऊं पोतावेल’ असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. पाटीच नसेल तर कॅफेत बाटली भरून मागा. जेवण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, नंतर स्वयंपाकघर बंद. पठारावर सकाळी गारठा असतो, वाऱ्याला अडवणारं एक पातळ जाकीट लागेलच.

वाइन सायकल ठेवल्यानंतर. पोर्ट ही तिथली वाइन बनवताना द्राक्षरस आंबत असतानाच त्यात स्पिरिट ओततात. त्याने किण्वन थांबतं, साखर आत राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. गोडीमुळे तो जाणवत नाही. उराकाच्या (काजूच्या हलक्या दारूच्या) सवयीने ग्लास भराल तर दुसऱ्या दिवशीचा चढ तुम्हाला हिशेब दाखवील.

बाकीचं भराभर. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यासाठी लागणाऱ्या किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्यात कच्च्या वाटेवरची सायकल येते का, हे लेखी विचारून घ्या. विमानासाठी मागचा डिरेलर हँगरवरून (फ्रेमला तो जिथे टांगलेला असतो त्या तुकड्यावरून) सोडवून कापडात गुंडाळा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका, आणि तुमच्या फ्रेमचा जास्तीचा हँगर खरेदी करा. तो सायकलागणिक वेगळा असतो, तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही. गॅसच्या नळकांड्या नेऊ नका, हातपंप पुरे. वणव्याच्या धोक्याच्या दिवशी रानातल्या वाटा बंद होऊ शकतात, म्हणून पोर्तुगालच्या हवामान खात्याचा, इप्माचा, धोक्याचा नकाशा रोज सकाळी बघा. रविवारी आणि गुरुवारी शिकारी बाहेर पडतात, त्या दिवशी भडक रंगाचा शर्ट घाला. आणीबाणीला ११२.

भाच्याची एमटीबी चालेल, नुसती चालेलच नाही तर उतारावर तुमच्यापेक्षा बरी चालेल. तिचे जाड उंचवट्यांचे टायर काढून २.१ इंचाचे कमी नक्षीचे घाला, पुढचा सस्पेन्शन लॉक होतो का ते बघा आणि हलका गिअर तिला आधीच आहे, त्याला हात लावू नका. डांबरी टप्प्यात तो मागे पडेल, तेव्हा त्याला तुमच्या मागच्या चाकाला चिकटून यायला सांगा. आणि जास्तीची ट्यूब त्याच्या चाकाच्या मापाचीही घ्या. २९ इंची असेल तर रिम तुमच्याच मापाची, ७०० ची, असते आणि ४५–५० मिमीपर्यंतची एकच ट्यूब अडीअडचणीला दोघांना पुरते. २७.५ ची असेल तर पुरणार नाही.